श्रोत्यावाचूनचे गाणे



संगीताचा इतिहास सांगू लागणारा मनुष्य बहुधा गाणाऱ्यापासून आरंभ करतो. कोणत्या बुवांनी कोणती गायकी आणली, कोणी कोणाचा गंडा बांधला, ही हकीकत रंजक असते यात शंका नाही. परंतु गाण्याच्या घडणीत ऐकणाऱ्याचाही वाटा असतो, आणि तो सहसा हिशेबात धरला जात नाही. पोवाडा दरबारात आणि छावणीत उभा राहिला, म्हणून त्यात धन्याच्या पराक्रमाचे वर्णन आले. लावणीने फडासमोर बसलेल्या पुरुषांची नजर ओळखली. कीर्तनकारास देवळातील भाविक मंडळींचे भान सोडून चालत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि तिकीट काढून येणारा शहरी प्रेक्षक मराठी पदांचा नवा धनी झाला. ऐकणारा कोण, यावरून गाण्यात काय बोलता येईल आणि काय ओठांतच ठेवावे लागेल, हे पुष्कळसे ठरत आले आहे.

आता ज्याला श्रोताच नाही असे एखादे गाणे मनात आणून पाहा. ते कोणासाठी म्हटलेले नाही, कोणी ऐकावे म्हणून म्हटलेले नाही; किंबहुना कोणी मुद्दाम ऐकू लागले तर गाणारी लाजून गप्प बसावयाची. असे गाणे आपल्या महाराष्ट्रात शतकानुशतके नांदले. त्यातील एका लहानशा शाखेची कथा मी आज सांगणार आहे. ही शाखा बीड जिल्ह्यातील माजलगावची आहे.

हे गाणे जात्यावरचे. बालाघाटचा डोंगर आणि गोदावरीचे खोरे यांच्यामध्ये पसरलेल्या या प्रदेशात ज्वारी हे मुख्य अन्न. ज्वारीचे पीठ फार दिवस राहत नाही. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते. म्हणून रोजचे दळण रोज, आणि तेही दिवस उजाडण्यापूर्वी, कारण उजाडल्यावर पाणी, सरपण, शेत ही कामे उभीच असत. खालची तळी स्थिर, वरची पाळ फिरती, पाळीच्या कडेस लाकडी खुंटा, आणि मध्यभागी जात्याचे तोंड. एका हाताने खुंटा फिरवीत दुसऱ्या हाताने त्या तोंडात मूठमूठ वैरण घालावयाची. दळण मोठे असले तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत: सासू आणि सून, जाऊ आणि जाऊ, किंवा माहेरी आलेली लेक आणि तिची आई. एकीने ओवीचा चरण उचलावा, दुसरीने तो झेलावा. मध्ये ‘गं बाई’, ‘सये’ अशी भर घालून तो जात्याच्या फेऱ्यांशी जुळता करून घ्यावा. या चालीला बायका ‘चाल’ म्हणत नाहीत, ‘गळा’ म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. चाल शिकवता येते. गळा हा ज्याचा त्याचा असतो, आणि तरीही एका गावच्या बायकांचा गळा दुसऱ्या गावच्या बायकांना ओळखू येतो.

ही रीत किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याच्या राज्यात हा मुलूखही मोडत होता, त्याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. राजाच्या कानी ती ओवी कशी पडली हे त्याने लिहून ठेवलेले नाही. वाड्यामागील मुसळांचा आवाज ऐकून त्याने कोणास तरी विचारले असावे, असे मला आपले वाटते. म्हणजे त्या वेळीही या गाण्याचा श्रोता भिंतीपलीकडचाच होता.

बीड जिल्ह्यात ओवीची दुसरी, मानाची परंपराही आहे. आंबेजोगाई हे मुकुंदराजांचे क्षेत्र. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने ११८८ हा मानतात, त्याविषयी विद्वानांत वाद आहेत, त्यात आपण शिरू नये. त्याच आंबेजोगाईत दासोपंत होऊन गेले. त्यांचा देहान्त १६१५ चा. त्यांनी पंचीकरण लिहिण्यासाठी कागदाऐवजी कापड घेतले. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती ‘पासोडी’ मराठी वाङ्मयातील एक नवलच आहे. या ग्रंथांतील ओवीला वाचणारा होता, निरूपण करणारा होता आणि समोर बसलेली श्रोतेमंडळी होती. त्याच गावात, त्याच काळात, पहाटे दळणाऱ्या बायका म्हणत ती ओवीच. परंतु तिला ना कागद ना कापड. पीठ भरून झाले की त्या दिवसाची ओवी संपली.

या श्रोत्यावाचूनच्या स्थितीत दारिद्र्य आहे, हे उघड आहे. पण तिच्यात एक मोकळीकही होती, आणि मला आजच्या भाषणात विशेष सांगावयाचे आहे ते तीविषयी. नव्याने सासरी आलेली मुलगी, वय तेरा-चौदा, दिवसभर तोंड उघडून बोलावयाची नाही. पहाटे मात्र ती खुंटा धरून गाते. माहेरची वाट, भावाची ओढ, नणंदेची बोचणी, नवऱ्याचा अबोला, सारे तिच्या ओवीत येते; आणि समोर बसलेल्या सासूला ते ऐकूनही ऐकले नाही असे करावे लागते, कारण ‘ओवी आहे, बोलणे नव्हे’ असा घरोघरचा संकेत होता. सासूलाही आपले उत्तर ओवीतूनच देता येई. समवयस्क मुली एकमेकींच्या घरी दळावयास जात, तेव्हा तर त्यांचे एक निराळेच गुपित मंडळ बने. त्या मंडळात कोणत्या ओव्या चालत, हे बाहेरच्या पुरुषास कधीच कळले नसेल.

या मोकळिकीचा पुरावा पाहावयाचा असेल तर ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातील स्त्रियांच्या तोंडून जमविलेली ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ पाहावी. कथा रामाची खरी, पण बायकांच्या ओव्यांतील लळा सगळा सीतेकडे वळलेला. तिचा वनवास, तिचा सासुरवास, एकटीने केलेले बाळंतपण हे त्यांच्या काळजाचे विषय. हेच एखाद्या कथेकरीबुवांनी देवळात अशा रीतीने सांगू म्हटले असते, तर श्रोत्यांतील वडीलधाऱ्यांनी त्यांना थांबविले असते. जात्याजवळ थांबविणारा कोणी नव्हता. नांदापूरकरांचे ऋण मोठे आहे. तथापि ज्या ओव्या कथेच्या क्रमाने कधी कोणी म्हटल्या नसतील त्या त्यांनी कथाक्रमाने रचल्या, आणि त्यामुळे वाचणाराचे मन एखादे आख्यान वाचल्यासारखे होते, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. जात्यावरची ओवी सुटी असते. सीतेवरून ती आपल्या भावावर येते, भावावरून वैरणीवर, वैरणीवरून पुन्हा सीतेवर.

जे गाणे सीतेला नायिका करू शकते, ते आणखी कोणाकोणाला आपल्यात घेऊ शकेल? माजलगावच्या ओव्यांची गोष्ट येथून सुरू होते.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ हा हुकूम हैदराबादच्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असे. ब्रिटिश मुलखात त्याच सुमारास निराळा देखावा दिसत होता. सत्यशोधकांनी तमाशाच्या घाटात बसविलेल्या जलशांचा कित्ता पुढे ठेवून भीमराव कर्डक यांच्यासारख्या तरुणांनी १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी, तुणतुणे, झांज तीच. गणाच्या आणि गौळणीच्या जागी मात्र समतेचा उपदेश. हे तरुणांचे गाणे होते. गिरणीत किंवा शाळेत दिवस घालवून रात्री वस्तीच्या चौकात उभे राहणारे ते तरुण आणि त्यांच्यापुढे बसलेली त्यांचीच माणसे, असा तो आटोपशीर संसार. पुढे वामनदादा कर्डक आले, विठ्ठल उमप आले, भीमगीतास कव्वालीचा ठेका मिळाला, सामने रंगले, तबकड्या निघाल्या, ध्वनिफिती निघाल्या. त्या परंपरेचा इतिहास लिहिला गेला आहे आणि तो लिहिला जाणे योग्यच आहे.

परंतु चौकातील गाणे ऐकून बाई घरी परत येई, ती पहाटे जात्यावर बसण्यासाठी. चौकात ऐकलेले नाव, भाषणात ऐकलेली हकीकत, शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचून दाखविलेला मजकूर तिच्याजवळ असे. हातात खुंटा असे. आणि आईपासून आलेला गळा असे. या तिहींपासून एक नवे गाणे झाले. ते कोणी रचून दिले नाही, कोणी बसविले नाही. त्याला ढोलकी नव्हती, मंडप नव्हता, परवानगीही लागत नव्हती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धधर्माची दीक्षा घेतली. ती गोष्ट खेडोपाडी पसरली तेव्हा ती जशी व्याख्यानांतून पसरली, तशीच अशा ओव्यांतूनही पसरली असली पाहिजे.

नवे माणूस जुन्या ओवीत कसे बसते, हे पाहण्यासारखे आहे. जात्यावर ओव्या मोजून वाहण्याची एक जुनी रीत आहे: पहिली अमक्या देवाला, दुसरी तमक्या देवाला. ही रीत तशीच ठेवून देवांच्या जागी बाबासाहेब आणि बुद्ध यांची स्थापना झाली. दुसरे असे, की ओवीत भाऊ आणि बाप ही फार मानाची नाती. भाऊ गाडी जुंपून न्यावयास येतो, आणि बहीण वेशीकडे डोळे लावून बसते. बाबासाहेब त्या भावाच्या आणि त्या बापाच्या जागेवर येऊन बसले. राज्यघटना लिहिणारा विद्वान, परदेशी जाऊन मोठमोठ्या पदव्या मिळविणारा बॅरिस्टर, हा ओवीत शिरला तो घरचा माणूस होऊन. रमाबाईंचे तर विचारावयास नको. नवरा विलायतेस, पदरी मुले, हाती पैसा नाही, अशा स्थितीत संसार ओढणारी ती बाई दळणाऱ्या प्रत्येकीला आपलीच सखी वाटली. सीतेच्या वनवासासाठी ज्या ओव्या पाझरत होत्या, त्याच आता रमाबाईंसाठी पाझरू लागल्या. येथे जुने मोडून नवे केले असे म्हणवत नाही. जाते तेच, गळा तोच. आत घातलेली वैरण तेवढी निराळी.

या ओव्या बाहेरच्या जगाला कळल्या त्या फार उशिरा. गी पॉइतेव्हाँ हे जन्माने फ्रेंच गृहस्थ पुण्यास येऊन स्थायिक झाले आणि भारताचे नागरिक झाले. त्यांनी व हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगराळ गावांत काम करता करता तेथील बायकांच्या ओव्या लिहून घेण्यास आरंभ केला. पुढे हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. बेर्नार बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार १९९० नंतरच्या दशकात त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. १९९६ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी माजलगावच्या भीमनगर वस्तीत आली. तेथील बायकांनी बाबासाहेबांवरच्या, रमाबाईंवरच्या, बुद्धावरच्या ओव्या म्हटल्या, आणि त्या यंत्रात साठविल्या गेल्या.

या सालाकडे जरा लक्ष द्यावे. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे यंत्रापुढे बसून ज्यांनी हे नाव ओवीत घेतले, त्यांनी ते नाव उच्चारण्याची किंमत सोळा वर्षे आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. चौकात ते नाव घेणे धोक्याचे झाले, त्या काळातही पहाटेच्या जात्यावर ते बंद पडले नसेल, असे मानावयास जागा आहे. चौकातले गाणे बंद पाडता येते, कारण ते कोठे आणि केव्हा होणार हे सर्वांस ठाऊक असते. जाते घरोघर असते.

मात्र तोवर खुद्द जातेच बंद पडत आले होते. हे काम कोणा हुकमाने झाले नाही. ते पिठाच्या गिरणीने केले. गावात गिरणी आली, डब्यातून दळण जाऊ लागले, आणि बायकांची पहाटेची कंबरमोड थांबली. यावर हळहळणारे लेख आपण वाचतो. ते लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी पायली दोन पायली ज्वारी दळून पाहिली असेल, याची मला शंका आहे. दळणाऱ्या बाईने गिरणीचे स्वागतच केले, आणि तिने ते योग्यच केले. पण तिच्या हातचा खुंटा सुटला तशी तिच्या तोंडची ओवीही सुटत गेली. संग्राहकांचा अनुभव असा आहे, की कित्येकींना नुसते ‘ओवी म्हणा’ म्हटल्याने ओवी येत नसे. खुंट्यावर हात ठेवला, पाळ फिरू लागली, की एकामागून एक ओवी येऊ लागे. म्हणजे ओव्या जणू हाताच्या आठवणीत होत्या. नव्या सुनांच्या हातांना ती आठवण होण्याचे कारणच उरले नाही.

आणि येथे एक विलक्षण योग दिसतो. ज्या गाण्याला कधी श्रोता नव्हता, त्याला श्रोता मिळाला तो ते गाण्याची वेळ संपल्यावर. २०१७ पासून या ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने भाषांतरांसह जगापुढे ठेवण्यास आरंभ केला, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या महिन्यात, माजलगावच्या ओव्या तीत झळकल्या. आता त्या कोठेही ऐकता येतात. ऐकणारे थोडे आहेत: काही अभ्यासक, काही विद्यार्थी, काही शहरांत वाढलेल्या नातवंडा-पतवंडांचा मेळा, ज्यांना आपली आजी दळताना काय म्हणत असेल याचे कुतूहल आहे. माजलगाव काय किंवा बीड काय, १४ एप्रिलला तेथील तरुण पोरे नाचतात ती ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे, आणि तेथे वाजणारे भीमगीत निराळे, दणदणीत ठेक्याचे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. एके काळी जलसाही अनेकांना गोंगाटच वाटला होता. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावरून याच तरुणांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. बायकांच्या गळ्याशी त्यांचे वैर नाही. त्यांना जात्याचा गळा ओळखू येत नाही एवढेच, कारण जात्याचा आवाजच त्यांनी ऐकलेला नाही.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या छापल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून छापल्या. त्या पुस्तकांनी पुष्कळ ओव्या वाचविल्या. परंतु त्यांत ओवी आहे, गळा नाही. नव्या संग्रहात निदान काही ओव्यांपुरता तो आहे. संग्रह लाखाचा, त्यातील ध्वनिमुद्रित ओव्या काही थोड्या हजारांच्या घरात. उरलेल्या कागदावरून संगणकात गेल्या, त्या मुक्याच. माजलगावच्या भीमनगरातील ओव्या भाग्याने पहिल्या प्रकारात मोडतात.

शिवाय आणखी एक गोष्ट त्या संग्रहाने केली आहे. जुन्या पुस्तकांत ओवीखाली कोणाचे नाव नसते. असले तर संग्राहकाचे असते. येथे प्रत्येक ओवीला क्रमांक आहे, विषय आहे, आणि त्यापुढे गाव, तालुका व गाणारीचे नाव लिहिलेले आहे. सोमेश्वराच्या ग्रंथात ‘महाराष्ट्रातील स्त्रिया’ एवढीच नोंद होती. माजलगावच्या नोंदीत त्यांतील प्रत्येकीचे नाव आणि आडनाव आहे.